जास्त धावलेल्या मोटारीसाठी इंजिन तेलाची निवड

जास्त धावलेल्या मोटारीसाठी इंजिन तेलाची निवड म्हणजे साधारणपणे एक लाख किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर कापलेल्या मोटारगाडीच्या इंजिनात किती दाट, कोणत्या गुणवत्ता-वर्गाचे आणि कोणत्या प्रकारचे वंगण तेल वापरावे, याविषयीचा निर्णय होय. इंजिनातील भागांची झीज, रबरी सीलांचा कडकपणा, तेलाचा प्रत्यक्ष खप आणि गाडी ज्या परिस्थितीत चालते ती परिस्थिती यांवर हा निर्णय अवलंबून असतो. किलोमीटरचा आकडा हा त्यातील केवळ एक घटक आहे. ‘गाडी जुनी झाली की जाड तेल घालावे’ हा सर्वत्र रूढ असलेला सल्ला काही गाड्यांना लागू पडतो, तर काहींचे त्याने नुकसान होते.

मीरा-भाईंदर हे ठाणे जिल्ह्यातील शहर या विषयाचे चांगले उदाहरण ठरते. मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या या शहरातील गाड्या दहिसर नाका, काशीमिरा, घोडबंदर रस्ता आणि वरसावे पूल येथील संथ वाहतुकीत बराच वेळ काढतात. उरलेला वेळ त्या मीरा रोड किंवा भाईंदर स्थानकापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करतात. या दोन्ही प्रकारच्या वापरात तेलाची हानी किलोमीटरच्या आकड्यावरून वाटते त्यापेक्षा अधिक होते.

संज्ञा

वंगण हा मराठीतील जुना शब्द आहे. बैलगाडीच्या आसाला लावतात ते वंगण ग्रामीण वाचकाला परिचित आहे. मोटारीच्या संदर्भात मात्र गॅरेजमध्ये ‘ऑइल’ हाच शब्द चालतो. ‘गाडी ऑइल खाते’ म्हणजे इंजिनात तेल जळते किंवा गळते व त्याची पातळी उतरत जाते. इंजिनाखालील तेल साठवणाऱ्या भांड्याला ‘चेंबर’ म्हणतात आणि इंजिन उघडून रिंगा, बेअरिंग इत्यादी बदलण्याला ‘इंजिनचे काम काढणे’ म्हणतात. द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधास शास्त्रीय मराठीत श्यानता किंवा विष्यंदिता असे नाव आहे. बोलीत त्यालाच तेलाचा जाडपणा म्हटले जाते. या लेखात ‘श्यानता’ हा शब्द वापरला आहे.

तेलाचे कार्य आणि इंजिनाचे वय

इंजिनातील तेल फिरत्या भागांमध्ये पातळ थर निर्माण करून धातूला धातू घासू देत नाही. त्याखेरीज ते पिस्टनची उष्णता वाहून नेते, पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर यांमधील फट बुजवते, ज्वलनातून आलेली काजळी व आम्ले आपल्यात सामावून घेते आणि गंज रोखते. अलीकडच्या इंजिनांत यांत आणखी एका कामाची भर पडली आहे. व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा आणि टायमिंग चेनला ताण देणारा भाग ही दोन्ही अंगे तेलाच्या दाबावर चालतात. तेव्हा तेल हे तेथे वंगणही असते आणि यंत्राचा चालता भागही असते.

इंजिन जुने होते तेव्हा एकाच वेळी अनेक बदल घडतात. बेअरिंगमधील फटी किंचित रुंदावतात आणि त्यामुळे गरम इंजिन जागेवर चालू असताना तेलाचा दाब उतरतो. पिस्टनवरील तेल खरवडून खाली आणणाऱ्या रिंगेच्या खाचांत काजळी साठते व रिंग अडकून बसते. व्हॉल्व्हच्या दांड्यावरील सील आणि भुजादंडाच्या टोकांवरील सील उष्णतेने कडक होतात व त्यांची पकड सुटते. यांपैकी कोणता बदल किती झाला आहे, हे दोन सारख्या गाड्यांतही वेगळे असू शकते. नियमित तेल बदललेली दीड लाख किलोमीटरची गाडी तेलाचा थेंबही न जाळता चालते आणि दुर्लक्षित गाडी सत्तर हजारांतच निळा धूर सोडू लागते.

किलोमीटर आणि तास

गाडीतील अंतरमापक चाकांनी कापलेले अंतर मोजतो. इंजिन किती तास चालले हे तो सांगत नाही. ताशी सरासरी ६० किलोमीटर वेगाने महामार्गावर धावणाऱ्या गाडीला १०,००० किलोमीटर पूर्ण करण्यास सुमारे १६७ तास लागतात. ताशी सरासरी २० किलोमीटर वेगाने शहरात फिरणाऱ्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी ५०० तास लागतात. म्हणजे काशीमिरा ते अंधेरी अशी रोजची ये-जा करणाऱ्या गाडीचे इंजिन त्याच आकड्याच्या महामार्गावरील गाडीच्या तिप्पट वेळ चाललेले असू शकते. जुनी गाडी विकत घेताना मीटर पाहून तेल ठरवणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट बहुधा येत नाही.

छोट्या फेऱ्यांचा परिणाम निराळा असतो. इंजिन पूर्ण तापण्यापूर्वीच बंद केले, की ज्वलनातून आलेली वाफ चेंबरमध्ये थिजते आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरते. लांब प्रवासात तेल बराच वेळ गरम राहते व हे दोन्ही घटक उडून जातात. स्थानकापर्यंतच्या फेरीत ते तेथेच राहतात. देशात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सर्वत्र आलेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलाच्या संदर्भातही हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते. अशा वापराच्या जुन्या गाडीत तेलाचा प्रकार कोणता यापेक्षा ते किती वेळा बदलले जाते याला अधिक महत्त्व आहे.

श्यानतेचा क्रमांक कसा वाचावा

डब्यावर ठळक छापलेला ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० यांसारखा क्रमांक अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेच्या ‘जे३००’ या वर्गीकरणातून आला आहे. त्यातील ‘डब्ल्यू’ हे हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. ते वजनाचे आद्याक्षर असल्याचा समज चुकीचा आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते हे दाखवतो. त्याच्या चाचण्या शून्याच्या बऱ्याच खाली केल्या जातात. उदाहरणार्थ, ५डब्ल्यू तेलाची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते, तर २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना.

नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातील श्यानतेचा असतो. १०० अंश सेल्सिअसला ३० क्रमांकाच्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या मर्यादेत असावी लागते. ४० क्रमांकासाठी हीच मर्यादा १२.५ ते १६.३ आणि ५० क्रमांकासाठी १६.३ ते २१.९ आहे. एकाच क्रमांकाच्या दोन तेलांतही त्यामुळे बराच फरक असू शकतो. ३० क्रमांकातील वरच्या टोकाचे तेल ४० क्रमांकातील खालच्या टोकाच्या तेलाच्या अगदी जवळ असते.

याच वर्गीकरणात १५० अंशांना, बेअरिंगमध्ये होते तशा तीव्र घर्षणाखाली मोजलेली किमान श्यानताही सांगितलेली आहे. ती २० क्रमांकाला २.६, ३० क्रमांकाला २.९ आणि ०डब्ल्यू, ५डब्ल्यू व १०डब्ल्यू प्रकारच्या ४० क्रमांकाला ३.५ मिलिपास्कल-सेकंद आहे. बेअरिंगवरील तेलाचा थर टिकतो की फाटतो, हे बव्हंशी या आकड्यावर ठरते. डब्यावर तो क्वचितच असतो, पण कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात सापडू शकतो.

मुंबई परिसरात थंडी नसते, म्हणून पहिल्या आकड्याचा येथे काहीच उपयोग नाही, असे अनेकदा म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. येथे तेल थिजण्याची भीती नाही हे खरे. परंतु सकाळी इंजिनातील तेल २५-३० अंशांना असते, १०० अंशांना नव्हे. ४० अंश सेल्सिअसला नेहमीच्या ५डब्ल्यू-३० तेलाची श्यानता साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक असते, तर २०डब्ल्यू-५० ची १५० च्या पुढे जाते. मुंबईतील सकाळीही जाड तेल इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचते. शिवाय दाब फार वाढल्यास फिल्टरमधील झडप उघडते आणि काही काळ न गाळलेले तेलच फिरत राहते. दिवसातून सहा वेळा सुरू-बंद होणाऱ्या गाडीत या क्षणांची बेरीज मोठी होते.

जाड तेलाच्या सल्ल्याचे मूळ

जाड तेलाचा सल्ला निराधार नव्हता. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके प्रीमियर पद्मिनीचे राज्य होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या आराखड्यावरून ही गाडी तयार होत असे. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २० वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून बाहेर पडली. त्या पिढीच्या इंजिनांतील फटी मोठ्या होत्या, सील साध्या रबराचे होते, व्हॉल्व्हच्या वेळा बदलणारी नाजूक यंत्रणा नव्हती आणि तेलेही पुष्कळदा ३० किंवा ४० अशा एकाच क्रमांकाची असत. इंजिन झिजले की ४० किंवा ५० क्रमांकाचे तेल घालून आवाज दबवणे व दाब वाढवणे, हा त्या यंत्राला साजेसा उपाय होता. पद्मिनीवर हात बसलेल्या मिस्त्रींनी तो पुढच्या पिढीला दिला.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि त्यानंतरच्या गाड्यांची इंजिने अधिकाधिक नेमक्या मापांनी बनू लागली. २००० नंतरच्या अनेक पेट्रोल इंजिनांसाठी ५डब्ल्यू-३० आणि अलीकडे ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ इतके पातळ तेल सांगितले जाते. यंत्र बदलले तरी सल्ला तोच राहिला, ही खरी अडचण आहे. ०डब्ल्यू-२० साठी आखलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातल्यास व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा मंदावते, इंधनाचा खप वाढतो आणि सुरुवातीच्या मिनिटांतील झीज कमी होण्याऐवजी वाढू शकते.

याचे महाराष्ट्रातील बोलके उदाहरण म्हणजे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन. फियाटचे हे इंजिन मारुतीने मानेसर येथे आणि फियाटने पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार केले. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत ते बसवले गेले आणि २०२० मध्ये भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर भारतीय बाजारातील त्याचा प्रवास संपला. त्यामुळे रस्त्यावर असलेले यातील प्रत्येक इंजिन आता काही वर्षे जुने आहे व पुष्कळांनी एक-दीड लाख किलोमीटर ओलांडले आहेत. त्यात पट्ट्याऐवजी टायमिंग चेन आहे आणि तिचा ताण तेलाच्या दाबावर सांभाळला जातो. काजळीने भरलेले जुने तेल या इंजिनाला तेलाच्या ब्रँडपेक्षा कितीतरी अधिक बाधते. सकाळी गाडी सुरू करताच काही सेकंद येणारा साखळीचा खडखडाट जाड तेलाने झाकण्याचा प्रयत्न केल्यास दोष तसाच राहतो आणि साखळी उडाल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होते.

गुणवत्ता-वर्ग

श्यानतेनंतर पाहायचा तो तेलाचा गुणवत्ता-वर्ग. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे ‘एपीआय’ ही संस्था पेट्रोल इंजिनांच्या तेलांना ‘एस’ने सुरू होणारी आणि डिझेल इंजिनांच्या तेलांना ‘सी’ने सुरू होणारी श्रेणी देते. पेट्रोलसाठी एसएल (२००१), एसएम (२००४), एसएन (२०१०) आणि एसपी (२०२०) असा क्रम आहे. नवी श्रेणी बहुतांशी जुनीची जागा घेऊ शकते. २००८ च्या गाडीच्या पुस्तिकेत एसएल लिहिले असेल, तर त्याच श्यानतेचे एसपी तेल वापरता येते व ते अधिक स्वच्छता राखते. जुन्या गाडीला जुन्या श्रेणीचे स्वस्त तेल ‘पुरेसे’ आहे, हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. डब्याची किंमत थोडी कमी असते एवढाच त्याचा लाभ.

डिझेलच्या बाबतीत अधिक काळजी लागते. भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा गाळक असतो. तेलातील धातुयुक्त रसायनांची राख या गाळकात साठून राहते व ती जाळता येत नाही. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे, युरोपीय ‘एसीईए’ वर्गीकरणातील सी२ किंवा सी३ यांसारखे तेल सांगितलेले असते. २०२० मध्ये घेतलेल्या अशा काही गाड्या आता ‘जास्त धावलेल्या’ सदरात येत आहेत. त्यांत ‘जुन्या डिझेलला चालते’ म्हणून सीआय-४ श्रेणीचे तेल घालणे महागात पडते. गाळक स्वच्छ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते, आणि गाडी रखडत चालत असल्यास ही क्रिया अपुरी राहून ते डिझेल तेलात उतरते. डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसली, तर ते समाधानाचे कारण नसून तेल पातळ झाल्याचे लक्षण असते.

पूर्वीच्या गंधकयुक्त डिझेलमुळे आम्लांना निष्प्रभ करणारी, भरपूर क्षार असलेली तेले निकडीची होती. भारत स्टेज ४ मधील गंधकाची मर्यादा दशलक्षात ५० भाग होती. १ एप्रिल २०२० पासून ती १० भागांवर आली. त्यामुळे जुन्या डिझेल गाडीसाठीही केवळ क्षारांच्या आकड्यावर तेल निवडण्याचे कारण उरलेले नाही.

‘हाय मायलेज’ तेले

जास्त धावलेल्या गाड्यांसाठी म्हणून वेगळी तेले विकली जातात. अमेरिकेत व्हॅल्व्होलिन कंपनीने २००० मध्ये ७५,००० मैलांच्या म्हणजे सुमारे १,२०,००० किलोमीटरच्या पुढील गाड्यांसाठी असे तेल आणले आणि नंतर इतर कंपन्यांनी तो प्रकार उचलला. या तेलांत सील किंचित फुगवून मऊ करणारी रसायने असतात, झीजरोधक व स्वच्छताकारक घटकांचे प्रमाण वाढवलेले असू शकते आणि त्यांची श्यानता त्या क्रमांकाच्या वरच्या टोकाजवळ ठेवलेली असते. भारतीय ग्राहकाने येथे एक शब्दच्छल ओळखावा. ‘मायलेज’ या शब्दाचा आपल्याकडील रूढ अर्थ लिटरमागे मिळणारे किलोमीटर असा आहे. त्यामुळे डब्यावरील ‘हाय मायलेज’ म्हणजे इंधनाची बचत करणारे तेल, असा समज सहज होतो. पुष्कळदा दोन्ही गोष्टी परस्परविरुद्ध दिशेच्या असतात.

सीलमधून होणारी मंद गळती अशा तेलाने काही हजार किलोमीटरनंतर कमी होऊ शकते. तुटलेला सील, ओरखडे पडलेला सिलिंडर किंवा झिजलेली रिंग कोणत्याही तेलाने दुरुस्त होत नाही. गळती वा खप नसलेल्या गाडीला हे तेल अपायकारक नाही, पण आवश्यकही नाही.

संश्लेषित तेल जुन्या गाडीत घातले की गळती सुरू होते, असा एक समज आहे. सुरुवातीच्या काळातील काही संश्लेषित तेलांमुळे सील आकसत, त्यातून तो निर्माण झाला. आजच्या तेलांत हा दोष राहिलेला नाही. जुन्या, गाळ साचलेल्या इंजिनात सील ज्या गाळामुळे बंद राहिला होता तो धुऊन निघाल्यास गळती उघडी पडते. ती तेलाने केलेली नसते. मात्र वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या इंजिनात एकदम तीव्र ‘फ्लशिंग’ द्रावण घालणे धोक्याचे आहे, कारण सुटलेले गाळाचे तुकडे चेंबरमधील जाळी बंद करू शकतात. त्याऐवजी चांगल्या श्रेणीचे तेल व फिल्टर दोन-तीन वेळा थोड्या अंतराने बदलून इंजिन हळूहळू स्वच्छ करणे अधिक सुरक्षित होय.

निर्णयाची पद्धत

तेल बदलण्यापूर्वी त्याचा खप मोजणे ही या विषयातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पातळी पाहावी व ती वरच्या खुणेपर्यंत आणावी. १,००० किलोमीटर झाल्यावर पुन्हा त्याच पद्धतीने पाहून, वरच्या खुणेपर्यंत येण्यास किती तेल लागले ते मोजपात्राने मोजावे. अनेक गाड्यांत दोन खुणांमधील अंतर म्हणजे सुमारे एक लिटर तेल असते. काही उत्पादक १,००० किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप मर्यादेत धरतात. सामान्य मालकाने इतके उदार होण्याचे कारण नाही. खप त्याच्या निम्म्यावर गेला तरी कारण शोधावे.

खप नगण्य असेल, तर पुस्तिकेतील क्रमांकच पुढे चालू ठेवावा, मग मीटरवर कितीही आकडा असो. खप जाणवण्याजोगा असेल किंवा गरम इंजिन जागेवर असताना दाबाचा दिवा लुकलुकत असेल, तर आधी धूर पाहावा. रात्रभर उभ्या गाडीतून सकाळी सुरू होताच निळा धूर आला व लगेच थांबला, तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या सीलमध्ये असतो आणि तो इंजिन न बांधता दुरुस्त होऊ शकतो. चढावर किंवा वेग घेताना निळा धूर येत राहिला, तर रिंगांचा संशय घ्यावा. टर्बोच्या गाडीत टर्बोचा सीलही तपासावा लागतो. सतत येणारा पांढरा धूर आणि कमी होणारे रेडिएटरचे पाणी हे हेड गॅस्केटकडे बोट दाखवतात. काळा धूर तेलाचा नसून इंधनाच्या मिश्रणाचा दोष होय.

यानंतरच श्यानता एक पायरी वाढवण्याचा विचार करावा. अनेक पुस्तिकांत बाहेरच्या तापमानानुसार चालणाऱ्या क्रमांकांचा तक्ता असतो. त्यात ५डब्ल्यू-३० सोबत १०डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४० यांना परवानगी असेल, तर कोकणच्या हवेत जुन्या इंजिनाला ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० देणे रास्त आहे. वरची मर्यादा एकाच पायरीची ठेवावी. तीसवरून पन्नासवर उडी मारल्याने खप थोडा कमी दिसला, तरी तो झाकलेला दोष असतो. उत्प्रेरक परिवर्तकाचाही विचार येथे करावा लागतो. एपीआयच्या अलीकडच्या श्रेणींत २० व ३० क्रमांकांच्या तेलांतील फॉस्फरसवर मर्यादा आहे, जाड क्रमांकांवर ती तशी नाही. तेल जाळणाऱ्या गाडीत हा फॉस्फरस परिवर्तकावर बसतो व पुढे पीयूसी चाचणीत गाडी अडते.

सीएनजीवरील गाड्या

मीरा-भाईंदरमध्ये महानगर गॅसच्या पुरवठ्यामुळे सीएनजीच्या खासगी गाड्या व टॅक्सी मोठ्या संख्येने आहेत. वायू इंधन तेलात उतरून त्याला पातळ करत नाही आणि काजळीही फार थोडी करते. त्यामुळे १०,००० किलोमीटरनंतरही तेल सोनेरी दिसते आणि मालक ते आणखी चालवतो. येथेच फसगत होते. उष्ण ज्वलनामुळे तेलाचे ऑक्सिडीकरण व नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग होऊन ते आतून जाड व आम्लधर्मी होत असते, आणि हा बदल रंगावरून ओळखता येत नाही. उलट डिझेल इंजिनात नवे तेल काही तासांतच काळे पडते व तरीही उत्तम काम करत असते. तेलाचा रंग पाहून ते बदलण्याचा निर्णय घेणे दोन्ही गाड्यांत चुकीचे आहे.

बदलण्याचा काळ

पुस्तिकेत सामान्यतः १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असा काळ दिलेला असतो. तो वाचणारे पुष्कळ असले, तरी त्याच्या खालची ‘खडतर वापर’ ही नोंद फार थोडे वाचतात. रखडती वाहतूक, छोट्या फेऱ्या, धूळ आणि जागेवर चालू राहणारे इंजिन ही खडतर वापराची लक्षणे आहेत. मेट्रोच्या बांधकामाची धूळ खात काशीमिऱ्याहून जाणाऱ्या गाडीला ती सगळी लागू पडतात. अशा जुन्या गाडीत मध्यम किमतीचे, योग्य श्रेणीचे तेल ५,००० किलोमीटर किंवा सहा महिन्यांनी फिल्टरसह बदलणे, हे सर्वांत महागडे तेल १५,००० किलोमीटर चालवण्यापेक्षा हितकारक आहे.

खाडीकाठच्या खारट हवेचा तेलावर थेट परिणाम थोडा होतो. पण पत्र्याचे चेंबर आणि फिल्टरचे कवच बाहेरून गंजते, आणि पावसाळ्यातील खड्ड्यांत गंजलेले चेंबर लवकर फुटते. तेल बदलताना खालून एकदा पाहणे म्हणून गरजेचे.

पाण्यात उभी राहिलेली गाडी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई परिसरातील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. सखल भागांत हा प्रसंग लहान प्रमाणावर दर पावसाळ्यात येतो. इंजिनापर्यंत पाणी चढलेली गाडी सुरू करून पाहू नये. डिपस्टिकवर दुधाळ, चहासारखा रंग दिसला तर तेलात पाणी मिसळले आहे. असे तेल काढून, फिल्टर बदलून, नवे साधे तेल घालून थोडा वेळ इंजिन चालवावे आणि ते तेलही लगेच काढून टाकावे. ही दुसरी पायरी वाचवली तर उरलेले पाणी बेअरिंग गंजवते. जुन्या इंजिनाला तो धक्का सहसा सोसत नाही.

खरेदी

तेलाची नक्कल हा बाजारातील जुना प्रश्न आहे. रिकामे मूळ डबे गोळा करून त्यांत गाळलेले जुने किंवा हलके तेल भरले जाते. मुंबईत माहुल येथे हिंदुस्थान पेट्रोलियमचा मूळ वंगण तेल तयार करणारा मोठा प्रकल्प आहे आणि नामांकित कंपन्यांचे वितरक सर्वत्र आहेत. त्यामुळे अस्सल तेल मिळणे येथे कठीण नाही. ग्राहकाने सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला सांगावा, झाकणाखालचे सील व तुकडी क्रमांक पाहावा, छापलेला क्यूआर कोड तपासावा आणि रिकामा डबा भोक पाडून टाकावा. पिंपातून सुटे मिळणारे तेल कोणत्या श्यानतेचे व श्रेणीचे आहे हे पडताळण्याचा मार्ग ग्राहकापाशी नसतो. डब्यावर छापलेल्या ‘शिफारस’ व ‘मान्यता’ या शब्दांतही भेद आहे. कारखान्याची मान्यता चाचणीनंतर मिळते, शिफारस तेल विकणारा स्वतःच करतो.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

लहान गाडीतून एका वेळी सुमारे तीन लिटर आणि मोठ्या डिझेल गाडीतून पाच ते सात लिटर वापरलेले तेल निघते. घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार ते घातक कचऱ्यात मोडते, आणि २०२३ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. घरी तेल बदलणाऱ्याने ते बंद डब्यात साठवून प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संकलकाला किंवा त्याच्याकडे तेल देणाऱ्या गॅरेजला द्यावे. मीरा-भाईंदरमध्ये गटारात ओतलेले तेल वसईच्या खाडीत आणि तिच्या काठच्या तिवरांच्या मुळांशी जाते. फर्निचरला वा साच्यांना लावण्यासाठी असे तेल विकत घेणारे असतात, परंतु त्यात काजळी, धातूचे कण व कर्करोगकारक द्रव्ये असल्याने त्याचा तसा वापर घातक आहे. तेल हाताळताना हातमोजे वापरावेत आणि त्वचेवर पडलेले तेल साबणाने धुवावे. पेट्रोलने किंवा रॉकेलने हात धुण्याची गॅरेजमधील सवय तेल त्वचेत अधिक खोलवर नेते.